कसली पेंड?

वसुताई आज सकाळी गेली. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, तोंडावर "गप्प बसा" म्हणालेली आमच्या घरातली ती एकटीच.

तीही एकदाच म्हणाली. एका कुत्र्यासाठी.

ऐंशीचं दशक. मुलुंड. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागे पाच-सहा झाडं मावतील एवढी माती.

आबांची गिरणी बंद पडली होती. त्यांनी त्या मातीत गुलाब लावले. दिवसभर तिथेच असायचे. माणसांशी बोलणं कमी झालं होतं.

कुत्र्याचं नाव पिंट्या.

कुत्र्याला काय चालतं, काय नाही, असा प्रश्नच तेव्हा कोणी विचारत नसे. उरलंसुरलं ते त्याचं. कांद्याचा रस्सा, द्राक्षं, चॉकलेटचा तुकडा. कुत्र्याला हे सगळं विष असतं; आज लिहिताना अंगावर काटा येतो.

एका रविवारी दुपारी तो ओकायला लागला. थांबेचना. मग मागून रक्त.

आई म्हणाली, "काल द्राक्षं खाल्लीत मेल्याने."

मी म्हणालो, "द्राक्षांनी कुठे काय होतं?"

ताई मागे गेली. गुलाबांची आळी उकरलेली होती. आदल्या दिवशी आबांनी त्यात खत म्हणून पेंड, तेल गाळून उरलेला चोथा, घातली होती. कोपऱ्यातली पेंडीची पिशवी फाटलेली. निम्मी रिकामी.

"आबा, याने पेंड खाल्लीय."

"खाऊंदे. पेंडीन काय होवचा नाय. गावाक गुरां खातत."

ताईने उरलेल्यातली मूठभर वर्तमानपत्रात बांधली आणि रिक्षा आणली.

रविवारी उघडा असलेला जनावरांचा डॉक्टर घाटकोपरला होता. पिंट्या माझ्या मांडीवर. शेजारी आबा. पुडी ताईच्या मुठीत.

"काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेंड," आबा म्हणाले.

"कसली?"

"शेंगदाण्याची."

डॉक्टर सैलावले. "मग अजीर्ण आहे. उपाशी ठेवा. उद्या थोडं ताक पाजा."

आबांनी पिंट्याला उचललं. त्याची मान लोंबत होती.

"डॉक्टर, शेंगदाण्याची आहे की नाही, आम्हाला माहीत नाही," ताई म्हणाली.

"वसू, माका म्हायत आसा. पेंड म्हणजे..."

"आबा, गप्प बसा."

बाकावर एक बाई मांजर घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली.

आबांनी पिंट्याला परत टेबलावर ठेवलं.

ताईने विचारलं, "नर्सरीत काय मागितलंत तुम्ही?"

"पेंड."

"कसली, ते बोललात?"

आबांनी पिंट्याची लोंबती मान हातावर घेतली.

डॉक्टरांनी पुडी सोडली. चिमटीत पूड चोळली, वास घेतला. "यावरून सांगता येत नाही. एरंडीची असेल तर जिवावरचं आहे. नर्सरीवाल्याला विचारा. तोवर मी सलाईन लावतो."

ताई निघालीसुद्धा.

आम्ही दोघं थांबलो. पिंट्याचे पाय गार पडत होते. मी ते शर्टात घेऊन चोळत राहिलो.

"शेंगदाण्याचीच आसतली," आबा पुटपुटले. परत एकदा पुटपुटले. मग तेही थांबलं.

आबांचंच बरोबर निघू दे, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं. ते बरोबर असते तर पिंट्या वाचणार होता.

ताई परत आली ती दारातूनच म्हणाली, "एरंडी."

मग दम घेऊन, "तो म्हणतो, गुलाबाला सगळे तीच नेतात. नुसतं पेंड म्हटलं की तो तीच देतो."

कोणी खोटं बोललं नव्हतं. आबांच्या गावात पेंड म्हणजे गुरांचं खाणं. नर्सरीत पेंड म्हणजे खत. शब्द तेवढा एकच.

डॉक्टर उठले. "याच्यावर उतारा नाही. कोळशाची पूड पाजायची, सलाईन चालू ठेवायचं, आणि बघायचं. गॅरंटी देत नाही. घरी न्यायचं नाही."

आबा भिंतीला टेकून उभे राहिले. ताईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती रडली असती, असं तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

पिंट्या दवाखान्यातच राहिला. आबांनी गुलाबाची सगळी माती खणून काढली. हातानेच.

मग एका सकाळी पिंट्या स्वतःहून पाणी प्यायला.

तो पुढे खूप जगला. म्हातारा होऊन गेला.

त्याला घरी आणताना रिक्षात तो आबांच्या मांडीवर होता. भांडुप ओलांडल्यावर आबा म्हणाले,

"वसू, तुका कसा कळला?"

"कळलं नव्हतं, आबा. म्हणून तर विचारलं."

आबांनी पिंट्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"बरा केलंस," म्हणाले.

आज घरी येणाऱ्यांनी फुलं आणू नयेत. ज्यांच्याकडे कुत्रा आणि कुंड्या दोन्ही आहेत, त्यांनी खताच्या पिशवीत काय आहे ते विचारून घ्यावं आणि पिशवी उंचावर ठेवावी. ताईला तेवढं पोचेल.

आपल्याकडे निघालेल्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत.

ये, ताई.