माझ्या अंगात न आलेली देवी

ही गोष्ट माझ्या पोटातून ओठावर कधी आली नाही. आईला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही, पोटच्या मुलीला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही माझ्या पाया पडत नाही, म्हणून असेल. इकडे अवसरीपासून पेठपर्यंतच्या बायका माझ्या पाया पडतात. पाया पडणाऱ्या माणसाला खरं कसं सांगायचं?

आमच्या मळ्यात तुकाईचं लहानसं देऊळ आहे. दर मंगळवारी आरतीला माझ्या अंगात देवीचं वारं येतं, असं सगळे म्हणतात. मी केस सोडून घुमते. पोराचं लग्न कधी जमेल, म्हैस गाभण का राहत नाही, सून नीट का वागत नाही, असं काय काय लोक विचारतात आणि मी उत्तर देते. बरेचदा तो साधा शहाणपणाचा सल्लाच असतो. घुमत दिला की लोक ऐकतात, नुसता दिला असता तर कुत्र्यानंही विचारलं नसतं.

पण हे वरवरचं झालं. खरं सांगायचं ते — थांबा, जरा मागून येते.

माझा नवरा — आमच्याकडे मालक म्हणतात — चांगला माणूस होता. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मनातल्या मनात त्यांच्या हातात दारूची बाटली देऊन मोकळे व्हाल. त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. टोमॅटोची गाडी नारायणगावला घालून आले की सासूबाईंच्या नकळत माझ्या हातात भेळेचा पुडा ठेवायचे. मला ते आवडायचे. त्यांच्याशेजारी बसून शेंगा फोडायला आवडायचं, त्यांचं गावभरच्या लोकांच्या नकला करणं आवडायचं. पण दिवा मालवला की माझं अंग लाकूड व्हायचं. दुखत नव्हतं, किळस नव्हती, मनात दुसरा कुणी नव्हता. नको होतं, एवढंच. मुलगी झाली तेव्हा वाटलं, चला, आता सुटले. सुटते कशाची?

सांगणार तरी कुणाला? पोटाची भूक लागत नाही म्हटलं तर लोक औषध आणून देतात. ही भूक लागत नाही म्हटलं तर बाईत खोट तरी असते, नाहीतर बाहेर कुणी तरी असतो. तिसरं काही असू शकतं असं आमच्यात कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही येत नव्हतं. मी पत्र्याकडे बघत पडून राहायचे आणि स्वतःलाच शिव्या घालायचे.

एका नवरात्रात मी कडक उपास धरले होते. आरतीला संबळ वाजत होता, धुपाचा धूर कोंडला होता. मला भोवळ आली आणि मी डोलले. ती भोवळ खरी होती, देवाशप्पथ. बायकांनी मला सावरलं, कुंकवानं कपाळ भरलं. सासूबाई मालकांना म्हणाल्या, "वारं आलंय तिच्यात. आता सोवळं पाळायचं बाबा. तिच्याजवळ जायाचं न्हाई." मालकांनी मान हलवली आणि त्याच संध्याकाळी आपलं अंथरूण पडवीत नेलं.

मी इतकी गाढ झोपले की सकाळी गाईच्या धारा काढायच्या राहिल्या.

पुढच्या मंगळवारी भोवळ आली नाही. मी डोलले.

आलं बघा ओठावर. आधी मंगळवारपुरतं सोवळं होतं. मग देवीनं शुक्रवार मागितला, मग श्रावण, मग पौर्णिमा-अमावास्या. देवी कशी काय मागते, ते आता तुम्हाला कळलंच. वर्ष उलटायच्या आत मालकांचं अंथरूण पडवीतच राहायला लागलं. चहाचा कपसुद्धा ते माझ्या हातात देईनासे झाले. समोर ठेवायचे आणि मागे सरायचे, चुकून बोट लागू नये म्हणून. नकला तर बंदच झाल्या. देवीसमोर कोण नकला करतो?

तुम्ही म्हणाल, एवढंच? बाईला नको होतं, तिनं वाट काढली, त्यात काय एवढं? इथवर मीही स्वतःला असंच समजावते. पण पुढे आहे.

एका मंगळवारी रांगेत बायकांच्या मागे मालक उभे राहिले. त्यांनी याआधी देवीला कधी काही विचारलं नव्हतं. पुढं आले, गुडघे टेकले, माझ्या पायांवर डोकं ठेवलं. आणि दबक्या आवाजात, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले, "आई, माझ्याकडनं काय चुकलंय का? ती माझ्याशी हासत न्हाई आता. लई एकटं वाटतं."

ती म्हणजे मी. माझ्याच पायांवर डोकं ठेवून ते माझ्याबद्दल विचारत होते.

तेव्हा काय काय म्हणता आलं असतं! देवीच्या तोंडून सांगता आलं असतं, तुझं काही चुकलं नाही लेकरा, तिच्याजवळ जाऊन बस, बोल. देवीचं त्यांनी ऐकलं असतं. पण मी भ्याले. जवळ बसले की पुन्हा ते सगळं सुरू होईल — या भीतीनं मी घुमतच म्हणाले, "सेवा कमी पडतीय तुझी."

त्यांनी सेवा वाढवली. तंबाखू सोडली, मटण सोडलं. उन्हातान्हात अनवाणी मळ्यातून फिरायला लागले. पायांना भेगा पडायच्या, मी त्यावर तेलसुद्धा लावत नव्हते. लोक म्हणायचे, काय भक्ती आहे माणसाची! चूक माझी, आणि ती फेडत होते ते.

अलीकडे मंचरला बचत गटाच्या बायकांसाठी एक शिबिर झालं. डॉक्टरीणबाई अगदी शांतपणे बोलल्या — काही माणसांना ती इच्छा मुळातच नसते, बायांना नसते, पुरुषांनाही नसते. तो आजार नाही की पाप नाही. जोडीदाराशी मोकळं बोलावं, म्हणाल्या. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी हसले नाही. मला रडू येत होतं. एस्टीनं घरी येताना मी वाक्यं जुळवत होते. मालक अंगणात गवार निवडत बसले होते. मला बघून उठून उभे राहिले, हात जोडून. मी आत गेले आणि भाजी फोडणीला टाकली.

म्हणजे शब्द नव्हते, ही सबबसुद्धा मला राहिली नाही.

मालक आजारी पडले आणि उठलेच नाहीत. शेवटी दवाखान्यातून घरी आणलं. दुपार होती, मंगळवारच होता. घरात भावकी जमली होती, मुलगी उशाशी होती. त्यांनी डोळे उघडून मला शोधलं आणि कितीतरी वर्षांनी मला आई न म्हणता बोलले, "आज हात धरला तर चालंल का गं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी मुलगीसुद्धा — देवी काय म्हणते म्हणून.

त्यांना दुसरं काही नको होतं. हात हवा होता. आणि हात मलाही चालला असता, कधीही चालला असता, हे मी त्यांना आयुष्यात सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. एवढ्या माणसांत सोवळं मोडलं तर खोटं उघडं पडेल, हा विचार माझ्या डोक्यात आला. हो, त्या वेळी हाच आला. मी अंगाऱ्याची चिमूट घेतली आणि बोट टेकू न देता वरूनच त्यांच्या कपाळावर सोडली. त्यांनी उचललेला हात हळूच गोधडीवर ठेवला आणि दिवेलागणीच्या आत ते गेले.

सुतक फिटलं. देवी कधी विधवा होत नाही, असं म्हणत बायकांनी मला पुन्हा देवळात नेलं. संबळ वाजला. मी केस सोडले आणि घुमले.