खड्याच्या गौरी आणि दुखानचं धुकं

आमच्याकडे गौरी खड्याच्या. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. घरातल्या मुलीनं पाण्याकाठचे सात खडे वेचायचे, ताम्हनात ठेवायचे आणि मुक्यानं घरी आणायचे. उंबऱ्यात तिच्या पायांवर पाणी घालेपर्यंत तिनं तोंड उघडायचं नाही. कोकणात आमची नदी होती. इथे कतारमध्ये, दुखानला, मुलाच्या कंपनीच्या वसाहतीत राहायला आल्यावर नदी कुठली आणायची? मग समुद्र. देवाला काय, पाणी ते पाणी.

त्या वर्षी खडे आणायचा मान नातीचा. आठ वर्षांची पोर, सकाळी डोळे उघडते तेव्हापासून बोलते, तेही इंग्रजीत. आदल्या दिवशी जेवताना मुलानं तिला डिवचलं.

"ही? गप्प? अगं आई, ही झोपेतसुद्धा भांडते. गाडीत बसेपर्यंत खलास होईल हिचं मौन."

"बाबा, आय कॅन डू इट!"

"बघू हं. एक शब्द निघाला की गौरी परत समुद्रात."

सगळे हसलो. मीही हसले. मुलाची सकाळची ड्यूटी होती, म्हणून आम्ही तिघी जाणार होतो. सून गाडी चालवणार, मी सांगणार, नात वेचणार.

भाद्रपदात इथे ऊन चढलं की किनाऱ्यावर उभं राहवत नाही, म्हणून उजाडतानाच निघालो. बाहेर पडलो तर धुकं. असं धुकं मी कोकणातही पाहिलं नाही. ओलं, उबदार, कुणीतरी तोंडावर श्वास सोडावा तसं. तेलाच्या फील्डवर जाळतात ना गॅस, त्याचा लाल उजेड त्या पांढऱ्यात कुठे इकडे, कुठे तिकडे दिसत होता. सून म्हणाली, "अहो आई, परत फिरूया का?" मी म्हटलं, आता आलोच आहोत, पाच मिनिटांचं काम. तिनं गाडीचे दिवे चालू ठेवले.

खडे वेचून झाले. नातीनं पहिला खडा उचलला तसे ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. ताम्हन दोन्ही हातांनी धरलं. मी पुढे चालू लागले, सून माझ्या शेजारी, पोर मागे. गाडीपाशी आलो. सुनेनं मागचं दार उघडलं आणि ती वळली.

मागे कोणी नव्हतं.

एरवी ती पोर कुठे आहे हे बघावं लागत नाही हो, ऐकू येतं. त्या दिवशी तिचा आवाजच नव्हता, म्हणून ती नाही हेही आम्हाला कळलं नव्हतं.

सून नावानं हाका मारत सुटली. आवाज धुक्यात दोन हातांवर पडत होता. उत्तर नाही. आणि मग मला समजलं, ती उत्तर देणारच नाही. बापाला हरवायचंय तिला. आम्ही घसा फोडला तरी ती ओठ मिटूनच राहणार.

"अगं बोल! मी सांगते, बोल!" सून रडायला लागली होती. "यू कॅन टॉक, बेटा! मम्माच सांगतेय!"

काही नाही. पाण्याचाही आवाज नव्हता त्या दिवशी. वर कुठेतरी सूर्य आला असावा, धुकं आणखी पांढरं झालं, आणि समुद्र कुठल्या बाजूला तेच कळेना. त्या किनाऱ्याला सबखा आहे, म्हणजे खारट दलदल. वरून मिठाचा पापुद्रा, कोरड्या जमिनीसारखा दिसतो, आणि खाली चिखल. मुलगा आम्हाला नेहमी बजावायचा, डांबरी सोडून पलीकडे जायचं नाही. मी सुनेला म्हटलं, तू गाडीपाशी थांब, हॉर्न वाजवत राहा. हॉर्न वाजायला लागला, आणि त्यानं तर काहीच ऐकू येईना. पुन्हा बंद करायला लावला.

मग मी काय केलं? काही केलं नाही. उभी राहिले. नातीला हाका मारायचं सुचेना. माझ्या तोंडून निघालं, आणि ओरडूनच निघालं, "गौराबाई, अगं तू तरी बोल! तुला कुणी गप्प केलंय?"

आणि आवाज आला. ठण्. थांबून पुन्हा, ठण्, ठण्. ताम्हनावर दगडाचा.

तो डावीकडून येत होता. आम्ही दोघी उजवीकडे तोंड करून हाका मारत होतो.

पोर खाली बसली होती. मांडीवर ताम्हन, हातात खडा. चेहरा पांढराफटक, गालांवरून पाणी, ओठ मात्र मिटलेले. लाल उजेड बघून ती त्यालाच गाडीचा दिवा समजली होती. सुनेनं तिला उचललं, मारलं, परत उराशी धरलं. पोर बोटानं तोंडाकडे खूण करत राहिली. घरापर्यंत एक शब्द नाही. उंबऱ्यात पायांवर पाणी घातल्यावर म्हणाली, "बाबाला सांग, आय वन."

"मग आधी का नाही गं वाजवलंस?" सुनेनं विचारलं.

"तुम्ही मला बोलायला सांगत होतात. आय वॉज नॉट अलाउड." मग माझ्याकडे बघून, "आजी, यू टोल्ड गौरी टु टॉक. तिला तोंड नाहीये. सो आय हेल्प्ड."

लोक म्हणतात, पोरगी हुशार. आहेच. पण ते वाक्य माझ्या तोंडात कुणी घातलं? मी साठ वर्षं गौरीला नमस्कार करते, आरती म्हणते. तिला असं अगंतुगं करून ओरडायची माझी प्राज्ञा नव्हती कधी. मला वाटतं, ती जवळच उभी होती आणि मी हाक मारायची वाट बघत होती. याच्यापुढे मला समजावता येत नाही.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. खडे पाण्यात परत द्यायलाच हवेत. या वेळी मुलगाही आला, दुपारी, लख्ख उन्हात. जाताना कोणी हसलं नाही. पोर बसली होती ती जागा सुनेनं दाखवली. मुलगा पुढे गेला, गाडीतली लोखंडी पहार घेऊन. पोर बसली होती तिथून चार पावलांवर त्यानं ती नुसती टेकवली. ती सरकत सरकत खाली गेली, त्याच्या मुठीपर्यंत. ओढून काढायला त्याला दोन्ही हात लावावे लागले. वळला तेव्हा त्याचं तोंड मला बघवलं नाही.

"आई," म्हणाला, "हिचा हात धर."

धरलेलाच होता. आम्ही डांबरीवरून लांबच्या काठाला गेलो, गौरी पाण्यात सोडल्या, पुनरागमनाय च म्हटलं. मला ते म्हणताना भीती वाटली, खरं सांगते. इतक्या जवळ असणाऱ्याची भीतीही वाटतेच.

"आजी, यू आर हर्टिंग मी. हात सोड ना."

"दुखू दे गं," मी म्हटलं, "दुखू दे."