मिलिंदची गाडी सांभाळताना

एका हिवाळ्यात आमच्या गॅरेजमध्ये एक पाहुणी येऊन राहिली. ती जेवत नव्हती, बोलत नव्हती, आमच्या फोनवरून भारतात कॉल लावत नव्हती. तरीही तिने मला जितकं दमवलं, तितकं सासरच्या कुणीही आजवर दमवलेलं नाही. (सासरचे लोक हे वाचतील. वाचू देत.)

ही पाहुणी म्हणजे मिलिंदची गाडी. मिलिंद मूळचा नागपूरचा. इथे न्यू जर्सीत इंजिनियरिंग शिकला, नोकरीला लागला आणि पार्सिपनीत आमच्या घराजवळच्या अपार्टमेंटमध्ये एकटाच राहायचा. रविवारी जेवायला आमच्याकडे. बाकी सगळा वेळ गाडीपाशी. साठच्या दशकातली लालभडक कन्व्हर्टिबल, कापडी टपाची, आत क्रीम रंगाच्या रेक्झिनच्या सीट्स. एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसाकडून खटारा म्हणून घेतली होती आणि याने स्वतःच्या हातांनी तिची नवरी केली होती. त्या गाडीत बसण्यापूर्वी बूट झटकावे लागत. आत कुणी साधी पेपरमिंटची गोळी चघळली तरी मिलिंदचा चेहरा उतरे.

तर दोन नोकऱ्यांच्या मधल्या सुट्टीत मिलिंद भारतात मुली बघायला निघाला.

"काकू, हिवाळ्यापुरती गाडी तुमच्या गॅरेजमध्ये ठेवू का? अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उघड्यावर राहिली तर रस्त्यावरचं मीठ लागेल हो तिला."

इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते लागलं की गाड्या गंजतात. मी म्हणाले, "ठेव की. त्यात काय!"

माझ्या आयुष्यातली निम्मी दुखणी या 'त्यात काय'मधून निघालेली आहेत.

पण नाही म्हणणं शक्यच नव्हतं. आमच्या भागातल्या मराठी घरांत माझी एक ख्याती होती. भारतात जाणारा माणूस माझ्याकडे काहीही ठेवून जायचा. घराच्या किल्ल्या, तुळशीची कुंडी, दह्याचं विरजण. एकीने तर सासू ठेवली होती. सगळं जसंच्या तसं परत मिळायचं. (सासू थोडी जाड होऊन.) सुमनकडे ठेवलेली वस्तू बिघडत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोला?

जायच्या आदल्या दिवशी मिलिंद गाडी घेऊन आला. पोरीला सासरी धाडताना बाप जसा जावयाला समजावतो, तसा माझ्या नवऱ्याला समजावू लागला.

"काका, दर रविवारी गॅरेजचं दार उघडून इंजिन चालू करायचं. पण गाडी बाहेर काढायची नाही. आणि काहीही झालं तरी थंडीत टप उघडायचा नाही. कडक झालेला असतो, तडकतो."

"अरे, जानेवारीत टप उघडून मी जाणार कुठे?" नवरा म्हणाला. सगळे हसलो.

"तुमच्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त आहे, काकू," मिलिंद म्हणाला आणि गाडीच्या बॉनेटवरून शेवटचा हात फिरवून गेला.

आमचं गॅरेज एका गाडीचं. त्यामुळे आमची स्टेशन वॅगन बाहेर. रोज सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी मी अंधारात तिच्या काचेवरचा बर्फ खरवडायची आणि आत पाहुणी माझ्या दोन चांगल्या चादरी पांघरून गाढ झोपलेली असायची. दोनदा मी तिच्या टायरला लाथ मारली. हळूच.

जानेवारीत माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पुढच्या पायऱ्यांवर बर्फ गोठून काच झालेली. बायका पडतील म्हणून सगळ्यांना गॅरेजमधून आत घ्यायचं मी ठरवलं. माझं डोकं व्यवहारी आहे. आमच्या घरातले सगळे मोठे घोटाळे त्याच डोक्यातून निघतात.

बायका आल्या. वर शालू, खाली बर्फातले बूट. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं (त्या वर्षी मी स्वयंपाकात मोजायचे कप लुटले), आणि निघताना गॅरेजमध्ये माझी मैत्रीण शैला थबकली. शैला म्हणजे जिथे 'हात लावू नका' लिहिलेलं असतं तिथे आधी हात लावणारी बाई.

"अगं सुमन, ही मिलिंदची का? बघू तरी!"

"शैला, चादर काढू नकोस."

"नुसतं बघतेय," म्हणेपर्यंत चादर खाली. "आई गं! काय देखणी आहे!"

"हात लावू नका गं कुणी!"

"हात कोण लावतंय?" म्हणत शैला दार उघडून आत बसलीसुद्धा. मग तिचा फोटो. मग प्रत्येकीचा फोटो. मग शैलाला आठवण झाली.

"पोरगा मुली बघायला गेलाय आणि त्याच्या गाडीला साधं हळदीकुंकू नाही? आण ते तबक. स्टिअरिंगला बोट लाव, जमून जाईल त्याचं!"

"लाव गं, लाव," सगळ्या म्हणाल्या. शुभ कामाला नाही कसं म्हणायचं? मी एका हातात तबक घेतलं, बाजूच्या सीटवरून वाकले आणि दुसऱ्या हाताचं बोट स्टिअरिंगपर्यंत नेलं. बायकांच्या बुटांवरचा बर्फ वितळून फरशी ओली झाली होती. माझा पाय सरकला. कुंकवाची वाटी मी सावरली. हळदीची नाही.

क्रीम रंगाच्या सीटवर हळद पसरली. आणि मग सगळ्या एकदम!

"झटक, झटक!"

"झटकू नको, फुंक!"

"व्हॅक्यूम आणा!"

"काही करा, पण ओलं करू नका!"

या सगळ्या आरड्याओरड्यात कुणीतरी भांडी घासायच्या साबणाचा ओला स्पंज त्यावर फिरवला. ते कुणीतरी म्हणजे मीच. हळदीला साबण लागला की काय होतं, हे मी चार जणींना शिकवलेलं आहे. ती लाल होते. सीट लालभडक झाली.

माझी मुलगी केतकी (वय चौदा, जन्म इथलाच) दारात येऊन उभी राहिली. "आई, डिड समबडी डाय?"

पाण्याने पुसून पुसून लाल गेलं आणि खाली पिवळाधमक डाग राहिला, पोळपाटाएवढा. मग सगळ्या बायकांनी एकमताने निकाल दिला: "उन्हात ठेव. हळदीचा डाग उन्हात जातो." मराठी बायकांचं एकमत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला ते खरं वाटलं. त्या आपापले कप घेऊन शांत मनाने घरी गेल्या.

आता न्यू जर्सीत जानेवारीत ऊन आणायचं कुठून? रोज मी खिडकीतून आकाश बघायची. शेतकरी पावसासाठी बघत नसेल इतकं. शेवटी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी लख्ख ऊन पडलं.

"अहो, उठा. गाडी बाहेर काढायची आहे."

"तो काढू नका म्हणाला होता."

"रस्त्यावर नाही, आपल्याच ड्राइव्हवेवर. आणि टप उघडायचा. काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, थेट लागलं पाहिजे."

"अगं, टपाबद्दल तर त्याने खास—"

"पिवळी सीट बघून तो खास काय म्हणेल, ते सांगा मला."

नवऱ्याने गॅरेजमध्येच बटण दाबलं. टप कुरकुरत मागे गेला, घडी झाला आणि शेवटी 'कट्' असा आवाज आला.

"काहीतरी वाजलं," नवरा म्हणाला.

"काही वाजलं नाही," मी म्हणाले. टपाच्या मागच्या प्लॅस्टिकच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. मी ती पाहिली होती. त्यानेही पाहिली होती. पण वीस वर्षांच्या संसारात कधी काय पाहायचं नाही, एवढं कळायला लागतं.

मग लक्षात आलं की ड्राइव्हवेवर सकाळीच आम्ही मीठ टाकलंय! गाडीला मीठ लागता कामा नये. मी नवऱ्याला बादल्या भरभरून गरम पाणी ओतायला लावलं. मीठ गेलं. गॅरेज झाडून, गाडी पुसून बाहेर काढेपर्यंत पाण्याचा गुळगुळीत बर्फ झाला होता. आमच्या ड्राइव्हवेला उतार आहे, हे मी सांगायचं राहिलं.

गाडी गॅरेजबाहेर आली आणि थांबली नाही. नवरा आत, ब्रेक दाबून, स्टिअरिंग घट्ट धरून, आणि गाडी अतिशय सावकाश, मिरवणुकीसारखी, मागे मागे घसरत गेली. ती थेट रस्त्याच्या कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतून बसली. जाता जाता तिने टपालपेटीच्या खांबाला खांदा लावला.

"लागलं का?" मी ओरडले.

"मला की गाडीला?"

"गाडीला!"

ती जागची हलेना. पण ऊन मात्र तिथे उत्तम होतं! त्यामुळे मी म्हटलं, असू दे. दुपारपर्यंत डाग फिका होऊन लिंबाच्या रंगाचा झाला. मी त्यावर इतकी खूश झाले की आकाशाकडे बघायचं विसरले. आकाश भरून आलं. बर्फ पडायला लागला. नवऱ्याने टप वर घ्यायचं बटण दाबलं, मोटर एकदा कण्हली आणि गप्प झाली.

मग आम्ही तिघं त्या उघड्या गाडीत चढलो. केतकीने छत्री धरली, मी बाथरूमचा शॉवर कर्टन, नवऱ्याने महाराष्ट्र मंडळाची सतरंजी. शेजारचे वॉल्टर आपल्या दारातला बर्फ काढायला बाहेर आले आणि थांबले. बर्फ पडतोय, लाल कन्व्हर्टिबल, टप उघडा, आत छत्रीखाली एक भारतीय कुटुंब.

"गोइंग समव्हेअर?" त्यांनी विचारलं.

"नो, नो," नवरा म्हणाला. "जस्ट... सनबाथ."

वॉल्टरनी आकाशाकडे पाहिलं. मग काही न विचारता आपला ट्रक आणि साखळी आणायला गेले. फार सभ्य माणूस.

"आय एम चेंजिंग स्कूल्स," छत्रीखालून केतकी म्हणाली.

तेवढ्यात वळणावर पिवळा दिवा लुकलुकला. गावचा मिठाचा ट्रक! मागची चकती गरगरत होती आणि मीठ दोन्ही बाजूंना उडत होतं. नवरा गाडीतून उतरून रस्त्यात दोन्ही हात पसरून उभा राहिला. "स्टॉप! नो सॉल्ट! प्लीज, नो सॉल्ट!" ड्रायव्हरने हसून त्याला हात केला, अलगद त्याला वळसा घातला आणि आमच्यावर, सीटवर, शॉवर कर्टनवर तडतड तडतड मिठाचा वर्षाव करत निघून गेला.

ज्या मिठापासून जपायला गाडी आमच्याकडे ठेवली होती, ते तिच्या आत होतं. हळद लागली होती, मीठ पडलं होतं. आता फक्त फोडणी राहिली होती.

वॉल्टरनी गाडी ओढून वर आणून दिली. नंतरचे कित्येक शनिवार-रविवार आम्ही गॅरेजमध्ये घालवले. फटीफटीतलं मीठ मी जुन्या टूथब्रशने काढत होते. टप हेअर ड्रायरने गरम करून एकदाचा वर आणला. सीटखालचं मीठ निघेना म्हणून नवऱ्याने पान्हा घेऊन खालचे बोल्ट फिरवले आणि अख्खी सीट उचलून त्याच्या हातात आली.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

"म्हणजे नुसती सीटच काढून खिडकीत उन्हाला—"

"गप्प बसा," मी म्हणाले.

सीट मग दिवाणखान्यात दक्षिणेच्या खिडकीशी ठेवली. आलेगेले तिच्यावर बसून चहा प्यायले. वसंत आला तोवर डाग पूर्ण गेला होता! सीट परत बसवली. एक बोल्ट उरला. "जास्तीचा दिला असेल कंपनीने," नवरा म्हणाला. सीटवर बसलं की तेव्हापासून ती कुईं करते.

एप्रिलमध्ये मिलिंद आला, लग्न करूनच. बायको वैदेही, हसरी आणि स्पष्ट बोलणारी. मी ठरवलं होतं, त्याने काही पाहायच्या आत आपणच सगळं सांगून टाकायचं. चिरलेली काच, खांबाचा पोचा, उरलेला बोल्ट, सगळं. ख्याती गेली तर गेली. मी गॅरेजचं दार उघडलं. मिलिंदने गाडीकडे पाहिलं न पाहिलं, त्याचे डोळे पुन्हा वैदेहीकडे.

"काकू, काय चकाचक ठेवलीत हो! बघ वैदेही, म्हटलं नव्हतं मी तुला?"

"मिलिंद, मला तुला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐका ना, काकू. मी गाडी विकतोय."

"आईबाबा येणार आहेत उन्हाळ्यात," वैदेही म्हणाली. "त्यांना काय मागे दुमडून ठेवू? आणि वाऱ्याने माझे केस बघा कसे होतात ते."

"पण परक्याला द्यायला जीव होत नाही," मिलिंद म्हणाला. "तुम्ही लेकीसारखी सांभाळलीत तिला. तुम्हीच घ्या ना!"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्या कित्येक शनिवार-रविवारांत काय होऊन बसलं होतं, ते मला तेव्हा कळलं. तो बॉनेटवरून हात फिरवत होता, अगदी मिलिंदसारखाच.

मिलिंदने किंमत सांगितली. जास्त होती. मी कोथिंबिरीच्या जुडीलाही घासाघीस करणारी बाई. त्या गाडीचा एकेक दोष मला तोंडपाठ होता, प्रत्यक्ष मालकापेक्षा जास्त. आणि एकाचंही नाव काढून भाव पाडायची सोय नव्हती, कारण सगळे आम्हीच घातलेले होते.

"घेतली," मी म्हणाले. आणि वर माझ्याच तोंडून निघालं, "इतक्या जपून ठेवलेल्या गाडीला तू कमीच सांगतोयस, मिलिंद."