पुतळाबाई आणि मडमचा वर्ग

मुरूमच्या बौद्धवाड्यात पुतळाबाईच्या तोंडी लागायला कुणी धजत नसे. बाई हाडापेरानं भक्कम, आवाज थेट स्टँडपर्यंत जाणारा. नवरा लवकर गेला. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडून एकुलत्या एका लेकीला, कमलला, जगवलं.

पुतळाबाईचा बाप येसकर, म्हणजे गावकीचा राखणदार होता. पाटलाच्या दारात काठी टेकून, मान खाली घालून उभं राहायचं आणि वरून पडेल तो भाकरतुकडा घोंगडीत झेलायचा, हे तिनं लहानपणी पाहिलं होतं. छप्पन्न साली धर्म बदलला, तेव्हा बापानं ती काठी चुलीत घातली. त्या दिवसापासून आपल्या घरातलं कुणी कुणापुढं वाकणार नाही, अशी पुतळाबाईची आणच होती.

दुष्काळ सरला आणि कुठल्याशा परदेशी संस्थेची एक गोरी मडम गावात आली. गरीब घरातल्या पोरापोरींना हॉटेलातलं काम शिकवायचं, म्हणजे त्यांना सोलापूर-हैदराबादकडं नोकऱ्या लागतील, असा तिचा बेत. आण्णासाहेब नावाचा एक कारकून तिचा दुभाषा. मॅट्रिकला गचकलेली कमल आईला न विचारताच वर्गात जाऊन बसली.

तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी पुतळाबाईच्या कानावर घातलं. ती तणतणत वर्गावर गेली. आत लांबलचक टेबल, त्यावर पांढरं कापड, दोन पोरं पाहुणे होऊन बसलेली. आणि भिंतीला कमल उभी. हात पाठीमागं, नजर खाली. मडम तिच्याजवळ आली आणि दोन बोटांनी तिची मान आणखी जराशी खाली दाबली.

पुतळाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"हात काढ! माझ्या पोरीच्या मानंवरचा हात काढ!"

मडमनं आण्णासाहेबाकडं पाहिलं. तो हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटला, तशी मडम हसली आणि तिनं पुतळाबाईला हात जोडले.

"काय सांगितलास रं तिला, लबाडा? नीट सांग. माझा बाप असाच उभा ऱ्हायचा म्हणावं, भाकरीसाठी. हे शिकवायला इलायतेवरनं माणूस कशाला पायजे?"

आण्णासाहेबानं घाम पुसत सांगितलं. मडमचा चेहरा लाल झाला. ती भराभरा बोलली.

"त्या म्हणतात, ही गुलामी नव्हं, ही अदब हाय," आण्णासाहेब म्हणाला. "त्यांच्या देशात मोठ्या घरची पोरंबी हे शिकतात."

"मग मोठ्या घरची पोरं इथंबी हायत की! त्यांला का न्हाय बोलिवलं? आमच्याच वाड्यातली का गोळा केलीस?"

याला उत्तर दिलं ते कमलनं.

"आई, तू जा इथनं. खडीच्या कामावर मुकादमानं हजेरी लावावी म्हणून तू त्याच्यापुढं पदर पसरत हुतीस. म्या बघितलंय. तवा तुझी मान कुठं गेली हुती?"

सगळ्यांदेखत पुतळाबाईनं लेकीच्या मुस्काटात मारली. त्यानंतर पंधरा दिवस एका छपराखाली दोघी राहिल्या, एका चुलीवरचं जेवल्या, पण एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत.

अशात दूध सोसायटीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आलं. मडमनं खटपट करून जेवण वाढायचं काम आपल्या वर्गाला मिळवलं. त्या दिवशी पुतळाबाई तिथंच अंगण झाडायच्या कामावर होती. पाहुणे बसायच्या आधी चेअरमन नानासाहेबांनी आण्णासाहेबाला बाजूला घेतलं.

"पोरं गुणाची हायत, पण वाढायला नकोत. लोक उठून जातील. त्यांला मागं भांडी घासू द्या."

आण्णासाहेबानं ते मडमला सांगितलं आणि तिनं होकार दिला. यजमानाचं मन मोडू नये, असं तिचं म्हणणं. पोरं मागं भांड्यांकडं गेली.

कमल मात्र गेली नाही. पाहुणे जेवायला बसले तशी तिनं पाण्याचा जग उचलला आणि सरळ नानासाहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. नानासाहेबांनी गिलासावर पालथा हात ठेवला.

"कुणी पाठवलं गं तुला?"

"कुणी न्हाय. तुमचा गिलास रिकामा हाय. हात काढा."

"मागं जा म्हणतो ना!"

कमल तसूभरही हलली नाही. सगळी पंगत घास हातात धरून बघत राहिली. तेवढ्यात मडम धावत आली. तिनं कमलच्या हातातला जग ओढून घेतला, नानासाहेबांची माफी मागितली आणि स्वतः पाणी ओतलं. नानासाहेबांनी हात काढला आणि ते गटागटा प्याले.

अंगणात पुतळाबाईनं खराटा आपटला.

"सातासमुद्रापल्याडच्या बाईच्या हातचं चालतं व्हय रं नाना? आन् गावच्या पोरीच्या हातचं बाटतं?"

तिला चौघांनी धरून फाटकाबाहेर काढलं. तिचं सोसायटीतलं झाडायचं काम त्याच दिवशी सुटलं. यजमानाचा अपमान केला म्हणून मडमनं कमलला वर्गातून कमी केलं. पुढं वर्गही फार टिकला नाही. वाड्यातल्या पोरांनीच तिकडं जाणं सोडलं. गाव सोडायच्या आधी मडम पुतळाबाईच्या दारात आली, डोळ्यांत पाणी आणून काहीबाही बोलली. आण्णासाहेब बरोबर नव्हता, त्यामुळं एक शब्द कळला नाही. कळला असता तरी पुतळाबाईनं तिला आत घेतलं नसतं.

वाड्याला वाटलं, आता मायलेकींचं जमेल. कसलं जमतंय! महिनाभरात कमल पत्र्याची पेटी घेऊन हैदराबादला गेली आणि स्टेशनजवळच्या एका मोठ्या लॉजमध्ये कामाला लागली. तिथं तिला कुणी जात विचारली नाही.

चार वर्षांनी तिथल्याच आचाऱ्याशी, बिदरकडच्या एका बौद्ध मुलाशी, तिचं लग्न ठरलं. पुतळाबाई लग्नाला गेली. पोटभर जेवली, जावयाला नाव ठेवलं नाही. परतताना मात्र स्टँडवर तिनं विषय काढलाच.

"आता तरी सोड ती नोकरी."

"न्हाय सोडत."

"लोकांची उष्टी उचलतीस."

"उचलते. आन् नानासाहेबापुढं जग धरून उभी ऱ्हायले, तवा तू मला चुकून तरी शाबास म्हणलीस का?"

"कशापायी म्हणू?"

गाडी हलली तरी खिडकीतून पुतळाबाई बोलतच होती, आणि कमल गाडीबरोबर चालत तिला उत्तरं देत होती.