आधीच पोचलेला निरोप

सगळी नोकरी परराष्ट्र खात्यात गेली. राजदूत म्हणून निवृत्त झालो आणि धुळ्याला परतलो. मेजवान्या, करार, भाषणं यांतलं आता फारसं आठवत नाही. एक शवागार मात्र आठवतं.

तेव्हा मी आखातातल्या वकिलातीत होतो. बांधकामावरून पडून आपल्याकडचा एक मजूर गेला. पासपोर्टवर चोपडा तालुक्यातलं गाव होतं. घरचा फोन कुणाकडेच नव्हता. एका समारंभातून मी तसाच, काळ्या बंदगळ्यात, ओळख पटवायला गेलो. अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस होता. आदल्या दिवशीच आईला फोन केला होता, म्हणून पक्कं लक्षात आहे. खोलीत आम्ही दोघंच. काय वाटलं कोण जाणे, कित्येक वर्षांनी तोंडून अहिराणी निघाली, "भाऊ, तुना घर मी सांगसू."

घरी कळवलं ते पोलिसांनी, आठवड्याभराने. मृतदेह पाठवला, फाइल बंद झाली, माझी बदली झाली.

गेल्या वर्षी चोपड्याला लग्नाला गेलो होतो. परतताना ड्रायव्हरला त्या गावाकडे गाडी वळवायला सांगितली. घर सापडलं. त्याची म्हातारी आई ओट्यावर गहू निवडत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "परत उनात का भाऊ? बसा."

"माय, मी पहिल्यांदाच येतोय."

"नही. अखजीना दुसरा दिन व्हता. इतलं ऊन, आनि तुमना आंगवर काया कोट."

तिने सांगितलं, की मी ओट्यापाशी उभा राहून 'तो गया' एवढंच बोललो. तिने त्याच दिवशी रडून घर डोक्यावर घेतलं. लोकांनी तिला वेड्यात काढलं, पोलीस दारात येईपर्यंत.

आवाज ऐकून तिचा म्हातारा नवरा बाहेर आला. मला पाहून उंबऱ्यावरच थबकला. "मी मागे धावलो होतो," तो हळूच म्हणाला. "नांगरलेली रानं, सरळ रस्ता. कोणी दिसलं नाही."

त्या महिन्यात मी भारतात पाऊलही ठेवलं नव्हतं. ते सांगणार, तोच म्हातारीने विचारलं, "तठे तो एकलाच व्हता का?"

"नाही, माय. मी होतो."

तिने मान हलवली आणि सूप पुढे ओढलं.

धुळ्यापर्यंत मी ड्रायव्हरशी अखंड बोलत राहिलो. गप्प बसवत नव्हतं.