जायफळाची कॉफी

“डॉक्टर, मी एकही गोळी चुकवलेली नाही. देवाशप्पथ.” दीपालीचे डोळे भरून आले होते. नववा महिना लागलेला आणि हिमोग्लोबिन साडेसात; निदान अकरा तरी हवं. शेजारी नवरा बसलेला. बायको गुपचूप गोळ्या फेकते, असंच त्याला वाटत होतं.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य. ते तयार व्हायला लोह लागतं, म्हणून गरोदरपणी आयर्नच्या गोळ्या. आम्ही गोळीचा ब्रँड बदलला. थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाची टेस्ट केली, नॉर्मल आली. आकडा ढिम्म. आमचं नालासोपाऱ्यातलं मॅटर्निटी होम लहान, ब्लड बँक नाही. बाळंतपणात जास्त रक्त गेलं, तर अशा बाईचा जीव धोक्यात. दीपालीला मात्र इथेच, सासूजवळ बाळंत व्हायचं होतं. तिला आई नव्हती.

शेवटी शिरेतून आयर्न द्यायला ॲडमिट केलं. सकाळी सासूबाई थर्मास घेऊन हजर. मूळच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. सिस्टरला म्हणाल्या, “तिची गोळी द्या ना, कॉफी गरम हाय तवर.”

“गोळी कॉफीबरोबर?” मी विचारलं.

“पोरीला मळमळतं ना! नुसत्या पान्याबरोबर उलटून पडते. म्हनून मी जायफळ घालून दाट कॉफी देते. रोज.”

कॉफीतले काही घटक लोहाला धरून ठेवतात, दूधही आड येतं. गोळी पोटात जाते, पण रक्तात फारशी उतरत नाही. मी जमेल तेवढं हळू सांगितलं. सासूबाईंचा चेहरा उतरला तो उतरलाच. नवरा बायकोकडे बघेना.

शिरेतून दिलेल्या आयर्नने आकडा वाढायलाही दोन-तीन आठवडे लागतात, आणि हाताशी तेवढे दिवस उरले नव्हते. दीपालीला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागलं. तिथे रक्त चढवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण लेबर वॉर्डात सासूला आत सोडलं नाही. दीपाली कळा देत होती तेव्हा जवळ घरचं कोणी नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे तपासणीला तिघी आल्या. गोळ्या अजून काही महिने चालू ठेवायच्या होत्या. “लिंबू सरबताबरोबर द्या, त्याने लोह चांगलं उतरतं,” मी सासूबाईंना सांगू लागले.

त्या खुर्चीसकट मागे सरकल्या. “तिलाच सांगा. मी आता कोनाला काय देत नाय.”

“आई, असं काय बोलता!” दीपाली म्हणाली.

गोळी आणि कॉफीत दोनेक तासांचं अंतर ठेवलं तरी काम भागतं. कॉफी सोडायचीही गरज नव्हती. गोळी घेतेस का, हे आम्ही दर वेळी विचारलं. कशाबरोबर घेतेस, हे कोणीच विचारलं नाही.