पायांकडे पाहणारे मामा

चेंडू उडाला की अख्खं मैदान वर पाहायचं. माझे मामा खाली, धावणाऱ्या पोरींच्या पायांकडे पाहायचे. ढाणकीला त्यांचं सोयाबीन-तुरीचं वावर होतं, पण जिल्ह्यात कुठेही सॉफ्टबॉलचे सामने असले की अंपायर म्हणून त्यांनाच बोलावणं यायचं.

थ्रो चुकून चेंडू मैदानाबाहेर गेला, तर धावणारीला दोन बेस, म्हणजे पुढचे दोन टप्पे, मिळतात. ते मोजायचे मात्र चेंडू हातातून सुटला तेव्हा तिने जो बेस गाठला असेल, तिथून. यावरून हमखास भांडणं होत. मामा आवाज चढवत नसत. “चेंडू कुठं गेला ते तुम्ही पाहा. पोरगी कुठं होती ते मी पाहतो,” एवढंच म्हणत.

घाटंजीच्या फायनलला मी खेळत होते. मामा आधीच समोरच्या टीमच्या सरांकडे गेले. “त्या टीमात माही भाची हाये. जमत नसन तं दुसरा अंपायर पाहा.” सर म्हणाले, “तुम्हीच राहा.”

शेवटची इनिंग, दोन आउट, आम्ही एका रनाने मागे, मी फर्स्ट बेसवर. आमच्या पोरीने चेंडू मारला आणि मी सुटले. त्यांच्या शॉर्टस्टॉपवरच्या पोरीने फर्स्टकडे फेकलेला चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून पार चुन्याच्या रेषेबाहेर, शेजारच्या वावरातल्या कपाशीत, पऱ्हाटीत गेला. मी सेकंड, थर्ड करत थेट होमला आले. पोरींनी मला उचललंच. बरोबरी झाली होती!

मामांनी हात वर केला. “थर्डवर जाय.”

चेंडू सुटला तेव्हा सेकंड बेस माझ्यापासून एक पाऊल दूर होता. फर्स्टपासून दोन बेस, म्हणजे थर्ड. मी परत गेले. पुढची पोरगी झेल देऊन बाद झाली, आणि विभागीय स्पर्धेला जायची संधी आमच्या हातून गेली.

गाडीवरून घरी येताना मामांनी विचारलं,

“बोलत काहून नाही?”

“एकच पाऊल तं होतं, मामा. नसतं पाहिलं तर?”

“मंग अंपायर कायले ठेवता?”

भाऊबीजेला ओवाळतानाही आईचा राग गेला नव्हता. “भाचीले एक पाऊल देता नाही आलं तुले, दादा?” मामा शांतपणे म्हणाले, “तिचं असतं तं देलंच असतं.” आई चिडूनच हसली आणि त्यांच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

गेल्या हिवाळ्यात फुलसावंगीला मी शिकवते त्या शाळेची टीम घेऊन गेले. तिथेही अंपायर मामाच, आणि तिथेही थ्रो बाहेर गेला. माझ्या टीममधली एक पोरगी सेकंड ओलांडून पुढे धावली होती. निर्णयासाठी सगळे मामांकडे वळले. ते सगळ्यांदेखत म्हणाले, “मले दिसलं नाही.” दुसऱ्या अंपायरलाही दिसलं नव्हतं. मामा त्या पोरीजवळ गेले. “बाई, चेंडू सुटला तवा सेकंडले लागली होती का तू?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “नाही लागली, सर.”

मामांनी तिला थर्ड दिला. सामना संपल्यावर त्यांनी आयोजकांना, आता पुढच्या वेळी दुसरा अंपायर पाहा, असं सांगून टाकलं. मग माझ्याकडे आले.

“ते पोरगी तुह्या शाळेची हाये?”

“हो.”

“मंग झालं,” म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सावकाश मैदानाबाहेर चालू लागले.